यंत्राचा लगाम

भुसावळाहून नागपूरकडे निघालेली गाडी वरणगांव मागें टाकून थोडी पुढें गेली, कीं बोदवडचें स्थानक लागतें. भोंवतालीं काळीभोर जमीन आणि त्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेला कापूस. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६७ सालीं नागपुरास जाऊन भिडला. त्याच्या किंचित् आधीं, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं जगाच्या बाजारांत भाव आला. कापसामागून आगगाडी आली, आगगाडीमागून वाफेचीं एंजिनें आलीं, आणि हातरेच्यावर सरकी काढण्याचें काम हळूहळू जिनांकडे गेलें. कापसाच्या पेठांतून जिन आणि प्रेस यांचीं धुराडीं दिसूं लागलीं.

श्रोतेहो, त्या धुराड्यांच्या सावलींत एक लहानसें उपकरण फिरत असे. त्याची कथा आज आपणांस सांगावयाची आहे. कथा यंत्राची आहे, परंतु तिच्यांत एक प्रश्न दडलेला आहे: चुकलेल्या गोष्टीला वळणावर आणतांना आपण ती सुधारतों केव्हां आणि अधिक बिघडवतों केव्हां? या प्रश्नाचें उत्तर देणारें एक सबंध शास्त्र पुढें उभें राहिलें. त्याला आज नियंत्रणशास्त्र म्हणतात.

जिनघरांत एका एंजिनाच्या जोरावर एक लांबलचक दांडा फिरे, आणि त्यावरील चाकांवरून चामड्याचे पट्टे एकेका जिनाकडे जात. जिन दहा असोत वा वीस, सर्वांना गति सारखी हवी. गति फार वाढली तर तंतु तुटतो, सरकी फुटून रुईंत मिसळते आणि मालाचा भाव पडतो. फार कमी झाली तर दिवसाचें काम उरकत नाहीं. आतां एखादा पट्टा निसटला, किंवा चार जिन एकदम थांबले, तर एंजिनावरचा भार हलका होतो. वाफ मात्र पूर्वीइतकीच येत राहते. भार उतरलेलें एंजिन मग जूं झुगारलेल्या बैलासारखें उधळूं लागतें. त्याला आवरण्यासाठीं चोवीस तास झडपेवर हात ठेवून माणूस उभा करणें शक्य नव्हतें. तें काम त्या लहानशा उपकरणाकडे होतें. त्याचें नांव गव्हर्नर.

गव्हर्नराची रचना पाहतांच समजावी इतकी सोपी आहे. एका उभ्या दांड्याला दोन बाजूंस दोन हात, आणि प्रत्येक हाताच्या टोंकाला लोखंडाचा एकेक जड गोळा. एंजिन हा दांडा फिरवितें. फेऱ्याच्या पाळण्यांत बसलेलीं मुलें वेग वाढतांच जशीं बाहेर फेंकलीं जातात, तसे हे गोळे वेग वाढला कीं दूर व वर जातात, आणि वेग कमी झाला कीं खालीं येतात. गोळ्यांना जोडलेली एक कडी वाफेच्या झडपेपर्यंत गेलेली असते. गोळे वर गेले कीं झडप थोडी मिटते. खालीं आले कीं थोडी उघडते. एंजिन स्वतःच स्वतःची वाफ कमीअधिक करतें.

ही युक्ति जेम्स वॅटनें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या एंजिनास लावली. युक्तीचें मूळ मात्र त्याच्याहि आधीं पवनचक्क्यांत होतें. तेथें वाऱ्याच्या जोराप्रमाणें जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर राखण्यासाठीं असेच गोळे वापरीत. वॅटच्या एंजिनांबरोबर ही युक्ति जगभर गेली.

या व्यवस्थेचें मर्म तीन गोष्टींत आहे. प्रथम प्रत्यक्ष स्थिति मोजावयाची, येथें ती गोळ्यांच्या उंचीनें मोजली जाते. मग ती इष्ट स्थितीशीं ताडून पाहावयाची. आणि जो फरक दिसेल, त्याच्या उलट दिशेनें उपाय योजावयाचा. परिणामाची वार्ता कारणाकडे परत नेण्याच्या या क्रियेस इंग्रजींत फीडबॅक म्हणतात. आपण सोयीसाठीं तिला ‘परतवार्ता’ म्हणूं. एंजिनाचा वेग हा वाफेचा परिणाम. पण त्या वेगाची वार्ता गोळ्यांमार्फत परत झडपेकडे जाते आणि वाफेवर सत्ता चालविते. येथें परिणामच कारणाचा कारभारी होऊन बसतो.

आपल्या खानदेशाला ही कल्पना परकी वाटूं नये. धुळ्याकडील पांझरेच्या खोऱ्यांत फडबागाइताची जुनी पद्धति आहे. नदीवर एकामागून एक बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. पाण्याची पाळी ठरलेली असते. परंतु ठरलेल्या पाळीवर सर्व सोंपवून गांव स्वस्थ बसत नाहीं. पाटकरी पाटावरून फिरतो, कोणत्या शेतांत किती ओल पोंचली तें पाहतो, आणि त्याप्रमाणें बारें फिरवितो. त्याचा डोळा हे गव्हर्नराचे गोळे, आणि त्याचें फावडें ही झडप. नुसत्या ठरीव पाळीचा कारभार एक; पाहून, ताडून, मग हात घालण्याचा कारभार दुसरा. दुष्काळी वर्षीं त्या दोहोंतील अंतर पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला बरोबर कळतें.

येथपर्यंत कथा सरळ आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कारखानदारांना एक चमत्कारिक अनुभव येऊं लागला. कारागिरी सुधारली, सांधे गुळगुळीत झाले, घर्षण कमी झालें. गव्हर्नर पूर्वीपेक्षां चपळ झाले. चपळ गव्हर्नर वेग अधिक चांगला राखील अशी सर्वांची अपेक्षा होती. घडलें उलट. एंजिनें बेचैन झालीं. वेग वाढे, मग घटे, मग पूर्वीपेक्षां अधिक वाढे, आणि हे हेलकावे थांबेनातच. यंत्र जितकें सुबक, तितकें तें बेभरंवशाचें, असा प्रकार झाला. अनुभवानें आलेलें शहाणपण येथें थिटें पडलें. कारण तो सारा अनुभव खडबडीत यंत्रांचा होता.

या कोड्याचा उलगडा आपल्या स्वयंपाकघरांतहि होऊं शकतो. चुलीवर दूध वर येऊं लागलें म्हणजे गृहिणी लांकूड मागें ओढते. पण निखाऱ्यांची धग लगेच उतरत नाहीं, आणि दूध उतूं जातेंच. मग ती घाईनें सारींच लांकडें ओढून घेते, तों चूल विझूं लागते. पुन्हां लांकडें सारते, तों पुन्हां ऊत. उपाय योग्य आहे, दिशाहि योग्य आहे. चुकते ती वेळ. झोपाळा थांबवावयाचा असेल तर तो आपल्याकडे येत असतां हात आडवा धरावा लागतो. तोच हात क्षणभर उशिरां, झोपाळा परत फिरल्यावर लावला, तर तो थांबविण्याऐवजीं झोंका चढवितो. उशिरां आलेला जोरदार उपाय हा नव्या बिघाडासारखाच असतो. जुन्या गव्हर्नरांतील घर्षण ही हेलकाव्यांची शक्ति खाऊन टाकीत असे. सुबक गव्हर्नरांत ती खाणारें कोणी उरलें नाहीं.

या विषयाला प्रथम गणिताची कसोटी लावली ती एका ज्योतिषानें. ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांना दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग सारख्या गतीनें फिरती ठेवावयाची होती, आणि त्यासाठीं लावलेला गव्हर्नर अनावर होऊन डोलूं लागला. एअरींनीं १८४० सालीं या डोलण्याचा गतिशास्त्राच्या समीकरणांनीं विचार मांडला. मुख्य सिद्धान्त मात्र आला तो १८६८ सालीं, म्हणजे बोदवडवरून नागपूरची गाडी धांवूं लागल्याच्या दुसऱ्याच वर्षीं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ‘गव्हर्नरांविषयीं’ हा निबंध ठेवला. विद्युत् आणि प्रकाश यांचें ऐक्य दाखविणारे ते हेच मॅक्सवेल. विजेच्या रोधाचें प्रमाण ठरविण्याच्या प्रयोगांत एक वेटोळें सारख्या वेगानें फिरवावें लागे. तेथेंच गव्हर्नराशीं त्यांचा परिचय झाला होता.

मॅक्सवेल यांची विचारसरणी अशी. यंत्र आपल्या ठरलेल्या वेगानें चाललें आहे असें समजा. त्याला एक बारीकसा धक्का द्या. पुढें चारच गोष्टी संभवतात. पडलेला फरक सतत वाढत जाईल. किंवा सतत घटत जाईल. किंवा यंत्र हेलकावे खाईल व ते वाढत जातील. किंवा हेलकावे खाईल आणि ते विरत जातील. दुसरी आणि चौथी गत झाली तर यंत्र स्थिर, पहिली आणि तिसरी झाली तर अस्थिर. या चारांपैकीं कोणती गत होणार हें यंत्र न चालवितांच, केवळ त्याच्या भागांचीं वजनें, लांब्या व घर्षणें यांवरून सांगतां आलें पाहिजे. हा पण मॅक्सवेल यांनीं मांडला आणि तो मोठ्या अंशीं जिंकला.

त्यांनीं येथें एक तोड काढली, आणि ती सबंध शास्त्राचा पाया ठरली. गोळ्यांची उंची व एंजिनाचा वेग यांचा संबंध वांकड्या रेषेचा आहे. पण मोठ्या वर्तुळाचा अगदीं लहान तुकडा जसा सरळ दिसतो, तसा बारीक फरकापुरता हा संबंध सरळ रेषेचा धरतां येतो. अशा व्यवस्थेला एकरेषीय व्यवस्था म्हणतात. तिचा गुण असा, कीं धक्का दुप्पट केला तर परिणामहि दुप्पट होतो, आणि दोन धक्के एकत्र दिले तर दोन परिणामांची नुसती बेरीज होते. एका धक्क्याचा स्वभाव कळला कीं हजार धक्क्यांचा हिशेब करतां येतो. सावकाराचें साधें सरळव्याज या जातीचें आहे. दुप्पट मुद्दलाला दुप्पट व्याज, आणि दोन रकमांचें व्याज वेगळें काढा कीं एकत्र, बेरीज तीच.

या तोडीमुळें प्रश्न बीजगणिताचा झाला. एंजिनाचा वेग, गोळ्यांची जागा आणि गोळ्यांची हालचाल या तीन गोष्टींचा मेळ घातला कीं तिसऱ्या घाताचें एक समीकरण तयार होतें. त्याचे चारहि गुणक धन असले, आणि मधल्या दोघांचा गुणाकार टोंकांच्या दोघांच्या गुणाकारापेक्षां मोठा असला, म्हणजे यंत्र स्थिर. इतकी आटोपशीर ही कसोटी आहे. घर्षण फार कमी झालें कीं मधला गुणाकार घटतो आणि तोल जातो. सुबक एंजिनांच्या बेचैनीचें रहस्य या एका असमानतेंत होतें.

पांचव्या घाताच्या समीकरणापाशीं मॅक्सवेल अडले, आणि हा प्रश्न त्यांनीं गणितज्ञांच्या हवालीं केला. तो सोडविला एडवर्ड रूथ यांनीं. केंब्रिजच्या १८५४ च्या परीक्षेंत रूथ हे सीनियर रँग्लर होते आणि मॅक्सवेल दुसरे आले होते. ‘सीनियर रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत ओळखीचा झाला तो १८९९ सालीं, रघुनाथराव परांजपे यांनीं तो मान मिळविला तेव्हां. त्या शब्दामागें केवढी परंपरा होती हें या योगायोगावरून ध्यानांत येईल. रूथ यांच्या प्रबंधाला १८७७ सालीं अ‍ॅडम्स पारितोषिक मिळालें. पाहिजे तेवढ्या घाताच्या समीकरणाला लावतां येईल अशी पायरीपायरीची रीत त्यांत होती.

इकडे रशियांत विश्नेग्राद्स्की यांनीं १८७६ च्या सुमारास हाच विचार कारखान्यांतील माणसाला झेपेल अशा भाषेंत मांडला. त्यांचें सांगणें रोखठोक होतें: घर्षण मुळींच नसेल तर गव्हर्नर हा गव्हर्नरच नव्हे, आणि भार कसाहि बदलला तरी वेगांत तिळभर फरक पडूं नये असा हट्ट धरणारा साधा गव्हर्नरहि उपयोगी नव्हे. थोडी ढिलाई सहन केली तरच स्थैर्य लाभतें. पुढें १८९५ सालीं झुरिचचे गणिती हुर्विट्झ यांनीं स्टोडोला या एंजिनिअराच्या विनंतीवरून रूथ यांच्यासारखीच कसोटी स्वतंत्रपणें शोधून काढली. तिचा उपयोग स्वित्झर्लंडांतील दाव्होस येथील पाण्याच्या चक्राचा गव्हर्नर बसवितांना झाला.

महाराष्ट्रांत या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध आविष्कार मात्र वाफेवर झाला नाहीं, पाण्यावर झाला. आणि तो करणारा एंजिनिअर आपल्या पहिल्या कामांसाठीं खानदेशांतच आला होता. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून परीक्षा देऊन १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले, आणि आरंभींच पांझरा नदीवर दातर्ती येथें नळाचा सायफन बसविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पुढें पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची जबाबदारी त्यांच्यावर पडली. खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यांत पाणी वाहून जाई. तें अडवावें तर पुराच्या वेळीं धरणाला धोका. न अडवावें तर उन्हाळ्यांत टंचाई. सांडव्यावर साधे दरवाजे बसविले तर रात्रींबेरात्रीं पूर आला असतां ते उघडणार कोण?

विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं तेथें स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीपर्यंत येईतों दरवाजे मिटलेले राहत. पातळी त्यावर गेली कीं चढलेल्या पाण्याच्याच योगानें तोल बदलून ते उघडत, आणि पूर ओसरला कीं आपोआप मिटत. धरणाची भिंत न वाढवितां मूळ सांडव्यापेक्षां सुमारें आठ फूट अधिक पाणी धरून ठेवण्याची सोय त्यामुळें झाली. याच धर्तीचे दरवाजे पुढें ग्वाल्हेरजवळ तिग्रा येथें आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले. पातळी मोजणारें पाणी, आणि दरवाजा हलविणारेंहि पाणीच! वॅटच्या गोळ्यांचें तत्त्व येथें मुठेच्या पात्रावर उभें राहिलें.

आणि याच जागेनें त्या तत्त्वाची मर्यादाहि दाखविली. १२ जुलै १९६१ रोजीं वर असलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला, आणि तेंहि धरण त्याच दिवशीं भंगलें. पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत काय हाहाकार उडाला तें सांगण्याची गरज नाहीं. दरवाजा पूर्ण उघडल्यावर त्याहून अधिक उघडूं शकत नाहीं, आणि झडप पूर्ण मिटल्यावर त्याहून अधिक मिटूं शकत नाहीं. तेथें सरळ रेषेचें गणित संपतें. लहान फरकांसाठीं सिद्ध झालेली कसोटी मोठ्या संकटाची हमी देत नाहीं, हें ज्यांनीं समीकरण लिहिलें त्यांना माहीत होतें. तें यंत्र वापरणारालाहि माहीत असलें पाहिजे.

खोपोलीचें उदाहरणहि बोधप्रद आहे. टाटांच्या वीजघरांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली, आणि घाटावरून नळांतून कोसळणाऱ्या पाण्यानें कापडाच्या गिरण्या चालूं लागल्या. अशा लांब नळांत एक वेगळीच अडचण असते. शक्ति कमी करण्यासाठीं तोंडाशीं पाणी एकदम दाबलें, तर धांवत आलेल्या पाण्याचा जोर अडून दाब क्षणभर वाढतो. म्हणजे उपायाचा पहिला परिणाम उलट दिशेस होतो! येथें घाई करणारा गव्हर्नर नळ फोडील. म्हणून अशा ठिकाणीं उपायाचा वेग मुद्दाम मंद ठेवावा लागतो.

विसाव्या शतकांत हें शास्त्र यंत्रशाळेबाहेर पडलें. १९२२ सालीं मिनॉर्स्की यांनीं जहाजाचें सुकाणूं आपोआप धरण्याचा विचार करतांना कुशल सुकाणूवाला काय करतो तें बारकाईनें पाहिलें. तो केवळ दिशा किती चुकली तेवढेंच पाहत नाहीं. ती चूक किती वेगानें वाढते आहे आणि किती वेळ टिकून आहे, हेंहि पाहतो. दूरध्वनीच्या लांब तारांवर आवाज विकृत होई, तेव्हां १९२७ सालीं अमेरिकेंत हॅरोल्ड ब्लॅक यांनीं वर्धकाच्या बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अंश उलटा करून परत आंत घालण्याची युक्ति काढली. आणि ती केव्हां बिनसेल हें ओळखण्याची कसोटी १९३२ सालीं नायक्विस्ट यांनीं दिली. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ काल्मन यांनीं आणखी दोन मूलभूत प्रश्न विचारले. जें आपल्याला आवरावयाचें आहे, तें आपल्या हातांतील साधनांनीं आवरणें मुळांत शक्य आहे काय? आणि जें आपल्याला दिसतें, त्यावरून आंतील स्थिति पूर्ण ओळखतां येईल काय?

हे दोन प्रश्न आज बोदवडच्या शिवारांतहि विचारण्यासारखे आहेत. कापसाचा हा पट्टा पाण्याच्या बाबतींत कोरडा. पूर्णेचें पाणी उपसून या भागांत आणण्यासाठीं बोदवड परिसर सिंचन योजना आंखण्यांत आली. उपसा-सिंचनांत पंप, हौद, नळ आणि कालवे यांची लांब साखळी असते. शेवटच्या शेतांत पाणी कमी पडलें, ही वार्ता पंपापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो, आणि वाढविलेलें पाणी शेतापर्यंत येण्यासहि वेळ लागतो. मधल्या काळांत कोणी घाबरून फार सोडलें, तर वरची शेतें चिबडतात. मग कोणी रागावून फार बंद केलें, तर खालचीं वाळतात. हाच तो बेचैन एंजिनाचा हेलकावा. फक्त येथें लोखंडाऐवजीं पिकें आणि माणसें हेलकावे खातात.

वॅटनें गव्हर्नर बसविला १७८८ सालीं, आणि त्याचें शास्त्र मॅक्सवेल यांनीं सांगितलें १८६८ सालीं. मध्यें ऐंशीं वर्षें कारागीर शास्त्रावांचून काम चालवीत होते. यावरून शास्त्राची गरज नाहीं असें कोणी म्हणूं नये. कारागिराच्या अनुभवानें यंत्र चालविलें. तें कोठें बिनसणार हें आधीं सांगितलें शास्त्रानें. आणि शास्त्रानें जें सांगितलें, तें पांझरेकांठच्या पाटकऱ्याच्या रोजच्या कामांतहि ओळखूं येतें: वार्ता खरी असावी, ती वेळेवर यावी, उपाय चुकीच्या मापाचा असावा, आणि पाटावर फावडें मारल्यानंतर पाणी शेताच्या टोंकास जाईतों बांधावर थांबण्याचा धीर असावा.